लोहाराच्या कमरेचे चामडे



इराणच्या प्राचीन राजांची कथा सांगावयास कामगार संघटनेचा कार्यकर्ता उभा राहावा, याचे काहींना नवल वाटेल. आम्ही फारसीचे पंडित नव्हे. आमचे शिक्षण रात्रशाळेत आणि युनियनच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटापुढे झाले. पण शाहनामा हा ग्रंथ जितका डोळ्यांनी वाचला गेला, त्याहून अधिक कानांनी ऐकला गेला; आणि कानांनी शिकणाऱ्यांच्या वर्गात आम्हांस जागा आहे.

फिर्दौसी हा तूस गावचा कवी. सुमारे तीस वर्षे खपून त्याने हे काव्य इ. स. 1010 मध्ये पुरे केले. बैतांची संख्या पन्नास हजारांच्या घरात. गझनीच्या महमुदाने सोन्याऐवजी चांदीची नाणी पाठविली आणि कवीने ती हमामातील नोकराला व सरबतवाल्याला वाटून टाकली, अशी आख्यायिका आहे. ठरल्या मजुरीत काट मारण्याची रीत किती जुनी, हे त्यावरून कळावे!

या काव्यातील माणसे आपणां मुंबईकरांना परकी नाहीत. जमशेद, फरेदून, रुस्तुम, सोहराब ही नावे आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांत आणि दुकानांच्या पाट्यांवर वाचीत आलो. मार्चच्या 21 तारखेचा नवरोज जमशेदाच्या नावाने ओळखला जातो. हा जमशेद म्हणजे अवेस्तातील यिम, आणि आपल्या वेदांतला यम त्याचाच भाऊबंद. एकाचा पिता विवंघवंत, दुसऱ्याचा विवस्वान. 1853 साली ग्रँट रोडच्या नाटकगृहात पारशी मंडळींनी रुस्तुम-सोहराबाचे नाटक गुजरातीत केले. 1914 ते 1918 या काळात कुटार बंधूंनी साऱ्या शाहनाम्याचे गुजराती भाषांतर दहा भागांत याच शहरात छापले. 1934 साली फिर्दौसीच्या जीवनावरचा फारसी बोलपट निघाला, तोही मुंबईतच.

आम्हांस यातली कथा प्रथम ऐकावयास मिळाली ती लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्यात. तिथे एक वृद्ध पारशी फिटर होते. जेवणाच्या सुट्टीत, डबा पुढ्यात ठेवून, ते मोडक्या मराठीत कावेह लोहाराची गोष्ट सांगत आणि भोंगा झाला की नेमके अर्ध्यावर थांबत. आज तिथे यंत्रे नाहीत, उंच इमारती आहेत. गोष्ट मात्र शिल्लक आहे. ती अशी.

झोहाक राजाच्या खांद्यांवर सैतानाने चुंबन घेतले आणि तिथून दोन साप उगवले. त्या सापांना रोज दोन तरुणांचे मेंदू लागत. राजाच्या मुदपाकखान्यात दोन भले माणूस आचारी म्हणून शिरले. रोज दोघांपैकी एकाला ते गुपचूप सोडून देत आणि त्याच्या जागी मेंढराचा मेंदू घालीत. महिन्याकाठी तीस जीव वाचत. ज्यांना उघड बंड करता येत नाही, तेही आतल्या आत काय करू शकतात, हे कवीने इथे सांगून ठेवले आहे.

पुढे राजाला गादीची धास्ती वाटू लागली. त्याने थोरामोठ्यांना बोलावून एक दस्तऐवज लिहविला: आमचा राजा न्यायी आहे, सत्यवचनी आहे. भीतीने सर्वांनी सह्या केल्या. तेवढ्यात कावेह ओरडत दरबारात शिरला. त्याच्या अठरा मुलांपैकी एकच उरला होता, आणि तोही धरून आणला होता. राजाने मुलगा परत दिला, गोड बोलला आणि म्हणाला, आता तूही सही कर.

बंधूंनो, या ठिकाणी ते फिटर नेहमी थांबत आणि विचारीत, तुम्ही काय केले असते? मुलगा हाती आला आहे. एका सहीने काय बिघडते? कावेहाने तो कागद आधी वाचला. मग सह्या करणाऱ्यांना भ्याड म्हणून त्याने तो फाडून पायाखाली तुडविला. बाहेर येऊन भट्टीपुढे कमरेला बांधायचे चामडे भाल्याला लावले, आणि बाजार त्याच्यामागे निघाला. त्या चामड्याखाली जमलेल्या लोकांनी फरेदूनाला शोधले, आणि फरेदूनाने झोहाकाला दमावंद पर्वतात जखडले.

एवढ्यावर टाळ्या घेऊन खाली बसणे सोपे आहे. पण कवी पुढेही सांगतो, आणि ते आम्हांस अधिक मोलाचे वाटते. फरेदूनाने त्या चामड्यावर जरीचे वस्त्र आणि रत्ने चढविली. मागून आलेल्या प्रत्येक राजाने आणखी एक रत्न बसविले. शहर जिंकल्यावर दवंडी पिटली गेली की शिपायाचे काम शिपायाने करावे, कारागिराचे कारागिराने. एकाने दुसऱ्याच्या कामात पडू नये, नाही तर जगात गोंधळ माजतो. म्हणजे, आता घरी जा! सुमारे 636 साली कादिसियाच्या लढाईत हे निशाण अरबांच्या हाती पडले. रत्नांची वाटणी झाली आणि निशाण जाळले गेले, असे जुने इतिहासकार लिहितात.

आमच्या चळवळींच्या निशाणांवरही अशी रत्ने चढलेली आम्ही पाहिली आहेत. सत्कार, समित्या, मोटारी! रत्ने वाईट नसतात. पण त्यांच्या भाराखाली चामडे दिसेनासे होते, आणि लुटारूंचे लक्ष मात्र रत्नांवरच असते.

इराणात ही कथा नक्काल सांगत. कहवाखान्यात, कधी चितारलेला पडदा मागे टांगून, आपल्या पिंगुळीच्या चित्रकथीसारखी. सोहराब मरायच्या दिवशी तिथे गर्दी लोटे. ही कला लोप पावत आहे म्हणून युनेस्कोने 2011 साली तिला तातडीने जपावयाच्या यादीत घातले. आपल्याकडे घाटकोपरच्या चिरागनगरात राहून अण्णाभाऊ साठ्यांनी जे केले, ते याच जातीचे काम.

आता शाहनामा ध्वनिमुद्रित मिळतो. रात्रपाळीचा पहारेकरी कानात यंत्र घालून तो ऐकू शकतो. याचा आम्हांस आनंद आहे. मात्र एक उणीव राहते. नक्काल ऐकणाऱ्याकडे पाहत असे, तो फिटर आम्हांस विचारीत असे. यंत्र विचारीत नाही. तेव्हा कथा एकट्याने ऐकली तरी तिच्यातला प्रश्न चौघांत बसून सोडवा. कंत्राटाचा कागद आज तुमच्याआमच्या मुलांपुढे येतो, कधी छापील, कधी फोनच्या काचेवर, आणि खाली फक्त संमती मागतो. सही करायची की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पोटाची निकड आम्ही जाणतो. पण आधी वाचावे. कावेह लोहाराला वाचता येत होते, हे कवीने उगीच लिहिले नाही.