बोलावयास संकोच वाटतो असा विषय



मी सातवी शिकलेली बाई. व्यासपीठाची सवय नाही, आणि विषय असा की जावेजवळदेखील कुजबुजूनच बोलावा. पण न बोलल्याने काय होते ते मी घरातच पाहिले आहे.

मी नवी नवरी होते. १९९९ पासून आपल्या जिल्ह्यात (तेव्हा उस्मानाबाद म्हणत) बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाची व मुंबईच्या टाटा रुग्णालयाची मंडळी गावोगाव येत होती. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायका त्या पाहणीत होत्या. आमच्या गावात गर्भपिशवीच्या तोंडाशी एचपीव्ही नावाचा विषाणू आहे का, ते पाहिले. सासूबाई गेल्या. चुलतसासूबाई म्हणाल्या, "मला काय धाड भरलीया?" आणि खुरपे घेऊन शेतात गेल्या.

सासूबाईंना विषाणू निघाला. हा नवराबायकोच्या संबंधातून येतो एवढे कळल्यावर वाड्यात जी कुजबुज झाली ती मी विसरले नाही. चार महिने त्या पाणवठ्यावर गेल्या नाहीत.

पुढे २००९ साली पाहणीचा निकाल छापून आला. तपासलेल्या शंभर बायकांत सुमारे दहांना हा विषाणू होता! म्हणजे एखादीचे पाप ते काय? जन्मभर एकाच नवऱ्याशी संसार केलेलीलाही तो होतो. वर्षानुवर्षे गुपचूप राहतो, पुरुषाला सहसा पत्ताही नसतो. बहुतेकींचा एकदोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांचा ठाण मांडून बसतो, त्यांतल्या काहींना दहापंधरा वर्षांनी कॅन्सर होतो.

ह्या तपासणीच्या गटात आठ वर्षांत ३४ बायका त्या कॅन्सरने गेल्या. जवळपास तेवढ्याच मोठ्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. आपल्याच गावांतल्या लेकीसुना त्या. हा आकडा वाचला की मला जेवण गोड लागत नाही.

सासूबाईंचा बिघडलेला भाग गोठवून काढला. त्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत, आणि हे सांगावयास त्यांनीच मला परवानगी दिली. चुलतसासूबाईंना अंगावरून जाऊ लागले तेव्हा फार उशीर झाला होता.

गेल्या महिन्यात मीही तपासून आले. पाच मिनिटे लागली. एकटीने जाण्यास कुणाला संकोच वाटत असेल तर मला हाक मारा, मी बरोबर येईन. दुपारी दोननंतर मी मोकळीच असते.