मोजलेली मर्यादा : सिंहस्थाच्या नगरीतील एक दीक्षान्त भाषण



२ ऑगस्ट २०२७ या दिवशी सोमवार असून आषाढ अमावस्या आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या आगामी सिंहस्थ कुंभमेळ्यातील पहिल्या अमृतस्नानासाठी हीच तिथी जाहीर झाली आहे आणि याच दिवशी या शतकातील मोठ्या खग्रास सूर्यग्रहणांपैकी एक घडणार आहे. चंद्राची गडद सावली जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीकडून उत्तर आफ्रिकेत शिरेल, इजिप्तमधील लक्झरच्या परिसरात सूर्यबिंब सहा मिनिटांहून अधिक काळ पूर्ण झाकलेले राहील, आणि पश्चिम भारतात दिवस कलताना तेच ग्रहण खंडग्रास रूपात, म्हणजे बिंबाचा केवळ काही भाग झाकला गेलेला, असे दिसेल. नाशिकच्या रामकुंडात किंवा त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तात उतरणारा भाविक त्या दिवशी पुण्यकाळ आणि वेध यांचा विचार करील, तर दुर्बिणीला गाळणी लावून बसलेल्या अभ्यासकाला ग्रहणाच्या स्पर्शाची आणि मोक्षाची, म्हणजे आरंभाची आणि समाप्तीची, वेळ सेकंदापर्यंत आधीच ठाऊक असेल. मात्र दोघांनाही लागणारी मूळ स्थिती एकच आहे, ती म्हणजे चंद्राने सूर्याच्या दिशेला येणे.

श्रद्धा आणि भौतिकशास्त्र यांचा विचार करताना आरंभीच भांडण गृहीत धरण्याची सवय जडली आहे, आणि सिंहस्थाची कालगणना त्या सवयीला फारशी दाद देत नाही. हा मेळा बारा वर्षांनी येतो असे सारेच म्हणतात, परंतु तो गुरूच्या राशीवरून ठरतो, आणि गुरू सूर्याभोवतीची एक प्रदक्षिणा सुमारे ११.८६ वर्षांत पुरी करतो, म्हणजे दर फेरीला तो बारा वर्षांच्या हिशेबापुढे सुमारे पन्नास दिवस निघून जातो आणि सात फेऱ्यांत हे अंतर जवळजवळ वर्षभराचे होते. हरिद्वारचा कुंभमेळा २०१० नंतर २०२२ मध्ये न भरता २०२१ मध्ये भरला, त्याचे कारण हेच होते. बाराचा सोयीचा आकडा आणि आकाशातील गुरू यांच्यांत विरोध आला तेव्हा परंपरेने आकडा सोडला व गुरू धरला, ही गोष्ट परंपरेचे अभिमानी आणि टीकाकार दोघेही सहसा लक्षात घेत नाहीत.

नाशिकच्या सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ठरले आहे, कारण त्या सुमारास गुरू सिंह राशीत प्रवेश करतो. पण पुढे जानेवारीत तो वक्री गतीने कर्केत परततो आणि जूनच्या अखेरीस पुन्हा सिंहेत येतो. वक्री गती म्हणजे ग्रहाचे ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर उलटे सरकणे. पृथ्वी आतल्या कक्षेत अधिक वेगाने फिरत असल्यामुळे ती गुरूला गाठून पुढे जाते, आणि वेगवान रेल्वेतून शेजारची मंद गाडी मागे जाताना दिसावी तसा तो ग्रह मागे जाताना दिसतो. प्रत्यक्षात त्याने आपली दिशा कधीच बदललेली नसते.

खुद्द राशी हीसुद्धा माणसाने केलेली आखणी आहे. निरयन पद्धतीत राशिचक्राचा आरंभ ताऱ्यांच्या संदर्भाने, तर सायन पद्धतीत वसंतसंपाताने, म्हणजे सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेस येतो त्या बिंदूने ठरतो. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याच्या अक्षाप्रमाणे सावकाश फिरत असल्याने हे दोन आरंभबिंदू प्रचलित गणनेने आज चोवीस अंशांहून अधिक दुरावले आहेत, आणि त्यामुळे २ ऑगस्ट २०२७ रोजी निरयन गणनेने गुरू सिंहेत असला तरी सायन गणनेने तो कन्येत गेलेला असेल. निरयनाचा आरंभ नेमका कोठे धरावा यावरही महाराष्ट्रात मोठा वाद झाला. लोकमान्य टिळकांनी रेवती ताऱ्याचा पक्ष घेतला, व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रा ताऱ्याचा घेतला, आणि टिळक पंचांग व इतर पंचांगे यांच्यांतील फरक आजही घराघरांत सणवारांच्या वेळी जाणवतो. गुरू मात्र २ ऑगस्टच्या त्या संध्याकाळी मघेच्या तेजस्वी ताऱ्याजवळ असेल, त्याच्या राशीचे नाव काहीही ठरो.

श्रद्धा आणि गणित एकाच माणसाच्या ठायी कसे नांदतात याचे उदाहरण नाशिकच्या शेजारीच, खानदेशात आहे. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद करणारा शिलालेख आहे. शके १०३६, म्हणजे १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पुऱ्या केलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात ग्रहणाचे कारण स्पष्ट सांगितले आहे : चंद्रग्रहणात चंद्र पृथ्वीच्या छायेत जातो, सूर्यग्रहणात चंद्र सूर्याच्या आड येतो. परंतु श्रुतिस्मृतींतील राहूचे काय करावयाचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होताच. त्यांनी राहू नाकारला नाही. मिळालेल्या वराच्या बळावर तो पृथ्वीच्या छायेत किंवा चंद्रात शिरून बिंब झाकतो, असे म्हणून दोन्ही बाजूंची सोय लावली. यात कोणाला भित्रेपणा दिसेल, कोणाला समन्वय दिसेल, पण निर्णायक गोष्ट वेगळी आहे : छायेचा व्यास, चंद्राचे क्रांतिवृत्तापासूनचे अंतर, झाकल्या जाणाऱ्या भागाचे मान यांपैकी एकाही गणितात राहूला जागा दिलेली नाही. राहू ग्रंथात राहिला आणि हिशेबातून गेला. सुमारे पावणेनऊ शतकांपूर्वीचा हा व्यवहार आजच्या पुष्कळ वादविवादांपेक्षा अधिक प्रामाणिक होता, कारण त्यात श्रद्धेला मान मिळाला तरी आकडा तिच्यासाठी वाकवला गेला नाही.

आकडा वाकवला किंवा काढलाच नाही म्हणजे काय होते, हेही नाशिकने पाहिले आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी, त्या वर्षीच्या सिंहस्थातील शाही स्नानाच्या दिवशी, सरदार चौकाच्या अरुंद उतारावर चेंगराचेंगरी होऊन तिसाहून अधिक भाविकांचा बळी गेला. योगायोगाने त्याच दिवशी मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५७ लाख किलोमीटरांवर, जवळजवळ साठ हजार वर्षांत आला नव्हता इतका जवळ आला होता. ज्याला ग्रहांनी माणसाचे बरेवाईट होते असे मानावयाचे आहे त्याला याहून सोयीची जुळणी सापडणार नाही. तेव्हा हिशेब करून पाहावा. न्यूटनच्या नियमाप्रमाणे गुरुत्वाकर्षण वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. त्या दिवशी मंगळ एका भाविकाला ज्या बलाने ओढत होता ते पृथ्वीच्या ओढीच्या सुमारे सत्तर कोटीव्या भागाएवढे होते; आणि ढोबळ मानाने, अर्ध्या मीटरवर उभा असलेला साठ किलो वजनाचा माणूस त्याच भाविकाला मंगळाहून किंचित जास्तच बलाने ओढत होता. गर्दीत प्रत्येकाच्या चारी बाजूंना असे शेजारी होते. माणसे मेली ती ग्रहाच्या ओढीने नव्हे, शेजाऱ्याच्याही गुरुत्वाकर्षणाने नव्हे, तर उतार, रुंदी आणि माणसांची संख्या यांचे गणित बिघडल्यामुळे. २०२७ ची तयारी करणाऱ्यांपैकी काही अभियंते, डॉक्टर आणि अधिकारी आजच्या स्नातकांमधूनच जाणार आहेत, आणि त्यांना मोजावी लागणारी गोष्ट रस्त्याची रुंदी ही आहे.

असे काही म्हटले की एक ठरीव उत्तर येते : विज्ञानालाही मर्यादा आहेत. हे वाक्य खरेच आहे, आणि ते खरे असल्यामुळेच त्याचा गैरवापर सोपा होतो. म्हणून त्या मर्यादा कशा आहेत हे पाहणे आवश्यक ठरते. ग्रहण सेकंदापर्यंत सांगणाऱ्या यामिकीला, म्हणजे बल आणि गती यांच्या शास्त्राला, ग्रहांची स्थाने सदासर्वकाळ सांगता येतील असे दोन शतके वाटत होते. १९८९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ जाक लास्कर यांनी सूर्यमालेची गणिते संगणकावर कोट्यवधी वर्षे पुढे नेली आणि आतल्या ग्रहांची गती अराजक, म्हणजे आरंभीच्या सूक्ष्म फरकाला अतिशय संवेदनशील आहे असे दाखवून दिले. पृथ्वीच्या आजच्या स्थानात १५ मीटरांची चूक असेल तर ती दर एक कोटी वर्षांनी दहापट होत जाते. एक कोटी वर्षांनंतर ती १५० मीटर असेल, पण दहा कोटी वर्षांनंतर ती १५ कोटी किलोमीटर, म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांच्यांतील अंतराएवढी झालेली असेल. १५ मीटर म्हणजे एखाद्या वर्गखोलीहून थोडे अधिक. एवढ्या अज्ञानामुळे दहा कोटी वर्षांपुढील पृथ्वी तिच्या कक्षेत कोठे असेल हे सांगण्याची आशाच सोडावी लागते. नियम तोच राहतो, समीकरण चुकत नाही, आणि तरीही भविष्य हाती येत नाही.

सूक्ष्माच्या टोकालाही अशीच भिंत आहे. १९२७ मध्ये वर्नर हायझेनबर्ग यांनी मांडलेल्या क्वांटम यामिकीतील अनिश्चिततेच्या तत्त्वानुसार कणाचे स्थान आणि संवेग, म्हणजे वस्तुमान व वेग यांचा गुणाकार, ही दोन्ही एकाच वेळी हव्या तितक्या अचूकपणे निश्चित असू शकत नाहीत, आणि ही अनिश्चितता किमान किती असेल ते प्लांकच्या स्थिरांकाने ठरते. हा स्थिरांक इतका लहान आहे की इलेक्ट्रॉनच्या जगात जे अटळ आहे ते वाळूच्या कणापाशीच नगण्य होते. (तेल, अंगठी आणि शिबिरे यांच्या जाहिरातींत ‘क्वांटम’ हा शब्द मिरवणारे हा शेवटचा भाग नेहमी गाळतात.) या दोन्ही उदाहरणांत लक्षात घेण्याजोगी बाब ही की मर्यादा बाहेरच्या कोणी येऊन दाखवली नाही, ती शास्त्रानेच शोधली, सिद्ध केली आणि तिला आकडा दिला. जे अज्ञान इतके दिवस, इतके मीटर, इतक्या प्रमाणात असे मोजून दाखवता येते, त्याच्या आधारावर कोणताही दावा खरा ठरत नाही. उद्याच्या पावसाचे भाकीत चुकले म्हणून कुंडलीचे भाकीत बरोबर येत नाही.

मर्यादा ओळखून मत मांडण्याच्या बाबतीत जयंत नारळीकर यांचे वर्तन अभ्यासण्यासारखे आहे. कोल्हापूरला जन्मलेले आणि २०२१ च्या डिसेंबरात नाशिकला भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद लाभलेले, पण प्रकृतीमुळे तेथे प्रत्यक्ष येऊ न शकलेले हे खगोलशास्त्रज्ञ विश्वाच्या उत्पत्तीविषयी आयुष्यभर अल्पमतात राहिले. विश्व महास्फोटातून सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी विस्तारू लागले हे बहुतेकांनी स्वीकारले, १९६५ मध्ये अवकाशात सर्वत्र भरलेले सूक्ष्मतरंग प्रारण सापडल्यावर तर ते मत पक्के झाले. तरी फ्रेड हॉयल यांच्यासह नारळीकर विश्वाला आरंभ नाही असे मानणाऱ्या स्थिर स्थिती सिद्धान्ताच्या, आणि १९९३ पासून त्याच्या सुधारित रूपाच्या, बाजूने युक्तिवाद करीत राहिले. बहुमत त्यांच्या बाजूने झुकले नाही, आणि या बाबतीत बहुमतच बरोबर असावे असे आजच्या पुराव्यावरून म्हणावे लागते. मात्र आपले मत कोणत्या निरीक्षणाने पडेल हे ते सांगत असत. एखादे मत श्रद्धेसारखे चिवट असू शकते आणि तरीही ते विज्ञानाच्या अंगणात राहू शकते, याची ही खूण आहे.

विज्ञानाच्या मर्यादांचा गैरवापर ही एका बाजूची चूक झाली; तिच्या उलट बाजूची चूकही तितकीच ठळकपणे सांगावयास हवी. निफाडच्या किंवा येवल्याच्या एखाद्या खेड्यातून डोक्यावर गाठोडे घेऊन आलेली वृद्धा गोदावरीत बुडी मारते आणि गेलेल्या माणसाच्या नावाने ओंजळभर पाणी सोडते, तेव्हा ती गुरूच्या कक्षेविषयी कोणतेही विधान करीत नसते. तिच्या कृतीत शोक आहे, ऋण आहे, आणि यांपैकी कशालाही एकक नाही. तिला गुरुत्वाकर्षण समजावून सांगणारा पदवीधर भौतिकशास्त्राची सेवा करीत नाही. तो प्रश्न न समजता उत्तर देत असतो. तेच पाणी पिण्याने रोग बरे होतात असे मात्र कोणी म्हटले, तर ते विधान नदीच्या पाण्याविषयीचे झाले आणि त्याची जागा प्रयोगशाळेत आहे. भक्तीच्या आवरणात आले म्हणून त्याला तपासणीतून सूट मिळत नाही. दोहोंतला हा फरक ओळखणे अवघड नाही. अवघड असते ते घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर आणि सभेतल्या टाळ्यांसमोर तो पाळणे.

तपासणी कशी करावी याचा नमुना नारळीकरांनीच घालून दिला आहे. २००८ मध्ये त्यांनी पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातील सुधाकर कुंटे आणि नरेंद्र दाभोलकर यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीतील कार्यकर्ते यांच्यासह फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळांवरून दोनशे कुंडल्या तयार केल्या गेल्या, प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस कुंडल्या पाठवून कोणती कोणत्या गटातली ते विचारले गेले, आणि सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे परत पाठवली. केवळ नाणेफेक करून चाळिसांपैकी सरासरी वीस उत्तरे बरोबर येतात. ज्योतिषांची सरासरी त्याहूनही खाली राहिली आणि सर्वोत्तम उत्तरपत्रिकेत चोवीस बरोबर निघाली. एका संस्थेने सर्व दोनशे कुंडल्या पाहिल्या व एकशे दोन बरोबर सांगितल्या. या चाचणीत कोणाची टिंगल नव्हती, कोणाच्या देवाचा प्रश्न नव्हता; नियम आधी सांगितलेले होते आणि यशाचा उंबरठाही आधीच ठरवलेला होता.

अशा चाचणीला महागडे यंत्र लागत नाही. जन्मवेळांच्या नोंदी, संख्याशास्त्र जाणणारी काही माणसे, उत्तरे उघड न करण्याची शिस्त आणि निकाल मनाविरुद्ध गेला तरी छापण्याची तयारी एवढ्यावर ती उभी राहते. सिंहस्थाच्या वर्षभरात नाशिकमध्ये मुहूर्त, पाणी, रत्ने आणि ग्रहशांती यांविषयी असंख्य दावे केले जातील. आज येथून बाहेर पडणाऱ्या स्नातकांनी त्यांतला एक, केवळ एकच, दावा निवडावा, दावा करणाऱ्याच्या संमतीने त्याच्या चाचणीचे नियम ठरवावेत, आणि हाती येईल तो निकाल आकड्यांसह मराठीत प्रसिद्ध करावा.