गोधडी आणि मत
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आमचे सारे आयुष्य मास्तरकीत गेले आणि शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कोणी करू नये. आज आम्ही गोधडीविषयी बोलणार आहोत. विषय जाहीर होताच मागल्या रांगेत जे हसू उमटले ते आम्हांस ऐकू आले. हसण्यास हरकत नाही; पण अंमळ ऐकूनही घ्यावे.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यात, विलकॉक्स परगण्यात, नदीच्या एका वळणावर गीज बेंड नावाचे गाव आहे. वस्ती कृष्णवर्णीयांची; पूर्वज गुलाम म्हणून आणलेले. आसपासच्या वस्त्यांतील पुष्कळ कुटुंबे गोऱ्यांच्या जमिनी वाट्याने कशीत. फळकुटांच्या घरांतून थंडी आत शिरे, म्हणून तेथील स्त्रिया शेतात विटलेल्या विजारी, फाटके सदरे आणि रिकामी पोती ह्यांचे तुकडे जोडून जाड पांघरुणे शिवीत. आपल्या आया लुगड्याधोतरांच्या घड्यांवर धावदोरा घालीत, त्याच जातीचे हे काम. फरक इतकाच की त्यांच्या पांघरुणाच्या पोटात कापूस असे.

१९६५ च्या आरंभी ह्या परगण्यात कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असूनही त्यांच्यापैकी एकाचेही नाव मतदारयादीत नव्हते! नाव नोंदविण्यास जावे तर नदीपलीकडे कॅमडेन गावी, आणि तिकडे नेणारी नाव १९६२ मध्येच बंद झालेली. ती पुन्हा सुरू होण्यास २००६ साल उजाडले. ऑगस्ट १९६५ मध्ये मताधिकाराचा कायदा झाला खरा. परंतु नाव नोंदविणाऱ्या कुळास जमीनदार घराबाहेर काढू लागले. कायदा कागदावर आणि चूल उघड्यावर, अशी गत झाली.

अशा छळाची माहिती गोळा करीत फ्रान्सिस वॉल्टर नावाचे एक गोरे धर्मोपदेशक त्या भागात हिंडत होते. एका घरापुढील दोरीवर वाळत घातलेली पांघरुणे त्यांच्या दृष्टीस पडली. ती पाहण्यास ते थांबले, तो परका गोरा मनुष्य पाहून घरची बाई रानात निघून गेली. ह्या एका गोष्टीवरून तेथील दहशतीची कल्पना यावी. पुढे त्यांनी दहा दहा डॉलर देऊन पांघरुणे घेतली आणि न्यूयॉर्कला त्यांचा लिलाव करविला. मार्च १९६६ मध्ये त्या स्त्रियांनी आपली सहकारी संस्था स्थापिली. नाव ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’, म्हणजे स्वातंत्र्यासाठी एकत्र बसून शिवणाऱ्यांचा मेळा. एस्टेल विदरस्पून ह्या तेथीलच बाईंनी व्यवस्थापक म्हणून तिचा कारभार सांभाळला.

त्या पांघरुणांवर कोठे घोषणा लिहिलेली नव्हती. पण त्यांचा पैसा जमीनदाराच्या हातून येत नव्हता. १९६८ मध्ये संस्थेने तेवीस एकर जमीन घेतली, तीवर शिवणगृह बांधले आणि मत नोंदविल्यापायी बेघर झालेल्या कुटुंबांना त्यातलेच तुकडे विकत दिले. पुढे एका मोठ्या व्यापारी कंपनीसाठी उशांचे अभ्रे शिवण्याचे काम मिळाले. सारे एका मापाचे, एका सुताचे. त्यात पोट भरले, हौस मात्र मागे पडली. २००२ नंतर गीज बेंडची पांघरुणे मोठमोठ्या कलासंग्रहालयांत झळकली. रसिक त्यांची तुलना आधुनिक चित्रांशी करतात. चित्रांतले आम्हांस फारसे कळत नाही. आम्हांस त्या तेवीस एकरांचे अधिक मोल वाटते. संस्था २०१२ मध्ये बंद झाली.

आता घरचे सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आपल्या भगिनींनी ह्याच सभागृहात तीन आठवडे दुपारी बसून बेचाळीस गोधड्या शिवल्या. कोणी सासूचे नऊवारी आणले, कोणी लग्नातला शालू फाडला. एका भगिनीने दिवंगत यजमानांची धोतरे आणून दिली आणि ती दुसऱ्या बाजूला तोंड करून शिवीत बसली. गोधड्या ट्रकमधून रवाना झाल्या. त्या वर्षीच्या अहवालात एक्कावन्न रुपये देणाऱ्या प्रत्येक गृहस्थाचे नाव आहे. गोधड्यांची नोंद मात्र ‘जुने कपडे व किरकोळ वस्तू’ अशी आहे. तो अहवाल लिहिणारे चिटणीस आम्हीच होतो.

त्या वेळी त्याविषयी कोणीही तक्रार केली नाही. करणार कोण? आपल्या घटनेप्रमाणे मत कुटुंबप्रमुखास, आणि आजही घटना तीच आहे. घरातील कर्ता गेला की मुलाचे नाव लागते, आईचे नाही. गीज बेंडची गोष्ट वाचली त्या रात्री आम्हांस नीट झोप लागली नाही, हे प्रांजळपणे सांगतो.

दुपारच्या सर्वसाधारण सभेत घटनादुरुस्तीचा ठराव येणार आहे: अठरा वर्षांवरील प्रत्येक स्त्रीस सभासदत्व आणि मत. सूचक म्हणून खाली आमची सही आहे. अनुमोदकाची जागा अद्याप रिकामी आहे. दुसरे असे की, त्या बेचाळीस गोधड्या शिवणाऱ्यांपैकी सतरा जणींची नावे आम्ही जमविली आहेत. बाकीची ज्यांस आठवत असतील त्यांनी जेवणापूर्वी लिहून द्यावीत. वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे.