जाहिरातीतली बाई दमत का नाही?

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



जाहिरातींचा विषय निघाला की आपण आधी बोलतो ते बाईच्या उघड्या देहाबद्दल. ते बरोबरच आहे. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला बंदी घालणारा 1986चा कायदा त्यासाठीच आहे. मला आज बोलायचंय ते अंगभर साडी नेसलेल्या, हसतमुख बाईबद्दल. ती या कायद्यात सापडत नाही, आणि रोज आपल्या घरात येते.

1980च्या दशकातली सर्फची ललिताजी आठवा. हिशेबी, ठामपणे बोलणारी. पण तिची सगळी हुशारी कपडे कशाने धुवायचे यावरच खर्च व्हायची. कपडे कोणी धुवायचे, हा प्रश्न तिथे नव्हताच. 2014 साली एअरटेलच्या जाहिरातीत बायको साहेब झाली, नवरा तिच्या हाताखाली. त्याला काम नेमून देऊन ती घरी गेली आणि स्वयंपाकाला लागली! पद वाढलं, चूल सुटली नाही.

केंद्र सरकारच्या 2024च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात. पुरुष घरकाम करतात तेव्हा त्यांची जातात 88. जाहिरात बाईच्या या पावणेपाच तासांच्या राबण्याला 'आईची माया' म्हणते. खरी मेख इथे आहे. काम वाटून मागता येतं; माया कशी वाटून मागणार? वस्तीतल्या मुलींना मी विचारते, "आई काय करते?" उत्तर येतं, "काही नाही, घरीच असते."

'समाजात आहे तेच आम्ही दाखवतो,' असं जाहिरातवाले म्हणतात. मग 2015 साली एरियलच्या जाहिरातीने कपडे धुणं हे फक्त बाईचंच काम का, असं कसं विचारलं? विकायची पावडरच होती, पण वेगळं दाखवता येतं हे त्यातून दिसलं.

आणि आपण बोललो की फरक पडतो. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने फेअर अँड लव्हलीच्या जाहिरातींविरुद्ध चिकाटीने तक्रारी केल्या. 2003 मध्ये त्या जाहिराती बंद झाल्या. जाहिरात मानक परिषदेने 2022 साली स्त्री-पुरुषांच्या साचेबंद चित्रणाबद्दल नियम केले. घरातल्या सगळ्यांनी पसारा करायचा आणि आवरायचं एकट्या बाईने, असं दाखवू नये, असं त्यांत म्हटलंय. ही परिषद जाहिरात उद्योगाचीच, सरकारी नव्हे. तेव्हा भाबडी आशा नको. पण जो नियम आहे तो वापरायचा कोणी? आपणच.

म्हणून एक काम सुचवते. गटाच्या पुढच्या बैठकीत तीन जाहिराती आवाज बंद करून बघा. राबतंय कोण? बसलंय कोण? मग आवाज लावा. शहाणपणाचा सल्ला कोणाच्या आवाजात येतो? जे खटकेल त्याची तक्रार तिथेच, सगळ्या मिळून लिहा.

आणि त्या दिवशी बैठकीचा चहा कोणी केला, कप कोणी विसळले, तेही विचारा.