वहीची दुसरी प्रत



वसंत व्याख्यानाच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, नाट्यसंगीत, परराष्ट्रधोरण असे विषय शोभतात. मजसारख्या कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने येथे येऊन संगणकाच्या बॅकअपविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. मी दहावीनंतर कारखान्यात लागलो. संगणकाचे शिक्षण मला कोणत्याही शाळेने दिलेले नाही. जे शिकलो ते नुकसान सोसून शिकलो. डोंबिवलीत आज घरटी एक संगणकवाला निघतो. त्यांनी माझ्या चुका जरूर दाखवाव्यात.

कामगाराची मालमत्ता ती काय? भाड्याची किंवा कर्जाची खोली आणि त्याच्या नावावरच्या नोंदी. 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्याने सेवेच्या दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार ठरवला. पण वर्षे किती भरली हे सांगणार कोण? हजेरीपट! 1995 च्या पेन्शन योजनेतील वाढीव पेन्शनचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये दिला, तेव्हा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या पगाराचे तपशील शोधत फिरण्याची पाळी कितीतरी म्हाताऱ्यांवर आली. हक्क होता, न्यायालय होते, पण कागद नव्हता.

26 जुलै 2005 चा दिवस आपणांपैकी कोण विसरेल? सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. इकडे उल्हास नदीने बदलापूर-कल्याण बुडवले. आमच्या पतपेढीचे कार्यालय तळमजल्यावर होते. संगणक टेबलाखाली, आणि त्यातील हिशेबाच्या प्रती उतरवलेल्या सीडी त्याच खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात. आम्ही दोन प्रती ठेवल्या होत्या हो, पण पाणी दोन्हींना एकाच वेळी भेटले. पुढे कित्येक महिने सभासदांची पासबुके गोळा करून आम्ही खाती पुन्हा लिहीत बसलो. हा केवळ गरिबाघरचा अजागळपणा समजू नका. सप्टेंबर 2025 मध्ये दक्षिण कोरियात देजॉन येथील सरकारी संगणककेंद्राला आग लागली आणि 858 टेराबाइटचा सरकारी साठा गेला; त्याची बाहेर दुसरी प्रतच नव्हती.

त्यानंतर आम्ही वेगळा सर्व्हर घेण्याचे ठरवले. कार्यकारिणीत प्रश्न आला, "एक यंत्र असताना दुसरे कशाला?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मी टाइम ऑफिसच्या दाखल्याने दिले. खिडकीवर बसलेल्या कारकुनालाच वहीची नक्कल करावयास सांगितले, तर खिडकीपुढची रांग खोळंबते. आणि त्या कारकुनाच्याच हाती नकलेचीही किल्ली असली, तर त्याची बुद्धी फिरली की दोन्ही वह्या गेल्या. म्हणून नक्कल करणारा वेगळा, त्याची खोली वेगळी, आणि किल्ली त्याच्यापाशीच.

आता काम कसे चालते ते सांगतो. मुख्य सर्व्हरचा साठा ज्या कप्प्यांत असतो त्यांना व्हॉल्यूम म्हणतात. चालू व्हॉल्यूमची सरळ प्रत घेतली, तर घोटाळा होतो. कर्जाचा हप्ता एका खात्यातून वजा झाला आहे व दुसऱ्यात जमा व्हावयाचा आहे, अशा क्षणी नक्कल निघाली तर पैसे मधल्यामध्ये नाहीसे झालेले दिसतील. म्हणून प्रथम हातातली नोंद पुरी करून, क्षणभर लिखाण थांबवून, व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट घेतात. हा फोटो नव्हे. हा एक करार आहे. पुढे कोणी जुने पान बदलू लागला, की यंत्र आधी ते जुने पान बाजूला ठेवते आणि मगच नवे लिहू देते. खिडकी लगेच सुरू होते. इकडे वेगळा सर्व्हर तो गोठलेला देखावा केवळ वाचण्यापुरता आपल्याशी जोडून घेतो, पहिल्या रात्री सगळा उतरवतो, आणि नंतरच्या रात्री फक्त बदललेली पाने. उतरवून झाले की स्नॅपशॉट काढून टाकावयाचा. पुष्कळ जण स्नॅपशॉटलाच बॅकअप समजतात. तो त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की तोही जातो.

परत आणतानाही घाई नको. मोडलेल्या व्हॉल्यूमवर जुनी प्रत ओतू नये. त्यात काल संध्याकाळच्या काही नोंदी शाबूत असू शकतात. वेगळ्या सर्व्हरने नवे व्हॉल्यूम तयार करावे, त्यात प्रत भरावी, हिशेब जुळतो का ते तेथेच पाहावे, आणि मग ते मुख्य सर्व्हरला जोडावे.

हे सारे मला 2019 पूर्वीच ठाऊक होते, आणि तरीही मी फसलो. त्या वर्षी जागा अपुरी पडली म्हणून आम्ही मोठे व्हॉल्यूम बसवले. त्याचे नाव बदलले. बॅकअपचा सर्व्हर मात्र जुन्याच नावाने जात राहिला. तेथे त्याला रिकामी खोली मिळे. तो इमानाने त्या रिकामेपणाची नक्कल करी आणि सकाळी "काम यशस्वी" असा निरोप पाठवी. तो निरोप रोज वाचून मी चहा घेत असे! आम्ही तीस दिवसांच्या प्रती ठेवत होतो. त्यामुळे जुन्या, भरलेल्या प्रती एकेक करून नियमाप्रमाणे पुसल्या गेल्या. सातव्या आठवड्यात डिस्क बसली.

नेमक्या त्याच वेळी बंद पडणाऱ्या एका कारखान्यातील चाळीसएक कामगारांचे दावे आमच्याकडे होते. त्यांची हजेरी आम्ही वर्षानुवर्षे त्या यंत्रात चढवली होती. वाइंडिंग खात्यातल्या एका बाईंनी बिस्किटांच्या डब्यात पहिल्या महिन्यापासूनच्या पगारचिठ्ठ्या जपल्या होत्या. त्यांचे काम झाले, आणि त्यांच्या चिठ्ठ्यांवरून शेजारच्या मशीनवरील दोघींचेही. सगळ्यांकडे असा डबा नव्हता. काहींना व्यवस्थापन सांगेल ती वर्षे मान्य करावी लागली. त्यांतले एक गृहस्थ कल्याण स्टेशनवर अजून भेटतात. ते मला काही बोलत नाहीत.

दैवावर विसंबणारे मोठे लोकही असतात. जून 2017 मध्ये नॉटपेट्या नावाच्या विध्वंसक प्रोग्रॅमने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रे जगभर बंद पाडली. आपल्या न्हावा शेवा बंदरातील एक टर्मिनलही थंडावले. कंपनीचे प्रमुख ओळखनोंदीचे सर्व्हर एकमेकांच्या प्रती ठेवत, म्हणून सारे एकदमच गेले. वाचला तो घाना देशातला एक. वीज गेल्यामुळे तो त्या वेळी जाळ्यापासून तुटलेला होता. त्या एकावरून साऱ्यांची पुनर्उभारणी झाली. आपल्याकडे वीज पुष्कळ जाते, पण तिच्या वेळापत्रकावर पतपेढी चालवता येत नाही.

म्हणून आता आमच्याकडे एक प्रत ठाण्यात आहे आणि दुसरी, महिन्याची, जाळ्यापासून तोडलेल्या डिस्कवर दुसऱ्या मजल्यावरील कपाटात. मुख्य सर्व्हरला यांतले काहीही पुसण्याचा अधिकार नाही. मलाही एकट्याला नाही, दोघांच्या सह्या लागतात. "यशस्वी" हा निरोप आम्ही प्रमाण मानीत नाही. प्रत किती जागेची झाली ते पाहतो. काल होती त्याहून एकाएकी लहान झाली, तर चौकशी होते. आणि दर तीन महिन्यांनी एका रविवारी कोऱ्या यंत्रावर सगळे परत आणून, चिठ्ठ्या टाकून पाच सभासदांची नावे काढतो व त्यांची खाती पासबुकाशी ताडून पाहतो. ते सभासद समोर बसलेले असतात.

गेल्या खेपेला चार खाती जुळली. पाचव्यात एका हप्त्याची तफावत निघाली. ती यंत्राची की आमच्या कारकुनाची, हे पाहण्याचे काम या आठवड्यात चालू आहे.