मोबाईलमधली नवलाई
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. पण दुपारची भांडी आवरली की मी मोबाईल घेऊन बसते, हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा त्यात काय काय नवल पाहिलेस ते सांग, असा आग्रह झाला म्हणून उभी आहे.

नवलाला तोटा नाही. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झाले. कोणी रंग ओतला की काय असे वाटावे! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग निघाला. आपल्याच जिल्ह्यात, पारनेर तालुक्यात निघोजला कुकडी नदीच्या पात्रात रांजणासारखे खळगे आहेत. ते कोणी खोदले नाहीत. भोवऱ्यात सापडलेले गोटे जात्यासारखे गरगर फिरले आणि त्यांनी काळा पाषाण पोखरला. दगडाने दगड दळला म्हणा ना!

पण एकदा माझी चांगलीच फजिती झाली. हिमालयात चारशे वर्षांतून एकदा फुलणारे फूल म्हणून एक चित्र आले. मी हात जोडले आणि तुम्हां सगळ्यांना पाठवले. सुट्टीला आलेल्या भाचीने शोधून दाखवले की ते दक्षिण आफ्रिकेतले प्रोटिया नावाचे फूल आहे, आणि तिकडे ते दर वर्षी फुलते! तेव्हापासून मी एक नेम केला. तांदूळ जसे निवडून घेतो, तसे नवलही निवडून घ्यायचे.

हा नेम केल्यावर एके दिवशी मी आपल्या खर्ड्याचेच नाव मोबाईलमध्ये घातले. ११ मार्च १७९५ ची लढाई आपल्याला ठाऊक आहे. सवाई माधवराव पेशवे, नाना फडणीस, परशुरामभाऊ पटवर्धन ही नावे शाळेत पाठ केलेली. निजाम हरला व आपल्या किल्ल्यात येऊन बसला. त्या हारीची एक गोष्टही लिहिलेली आहे. निजामाबरोबरची एक बेगम तोफांच्या आवाजाने घाबरली, तिने हट्ट धरला, म्हणून त्याने माघार घेतली, अशी. वाचून मला हसू आले. घरात दूध उतू गेले तरी बाईच्या माथी, आणि लढाई हरली तरी बाईच्याच माथी!

पण पुढे जे सापडले ते आजवर मला कोणी सांगितले नव्हते. त्याच निजामाच्या फौजेत बायकांच्या दोन पलटणी होत्या, एकेकीत हजार बायका. अंगात लाल डगला, हातात बंदूक, आणि शिपायांसारखी कवाईत. एरवी जनानखान्यावर पहारा करीत. पण खर्ड्याच्या लढाईत त्याही होत्या. त्यांच्या प्रमुख मामा बरुण आणि मामा चंपा. हे मामा म्हणजे आईचे भाऊ नव्हेत हं, तिकडे दाईला, दासीला मामा म्हणत! पुढे हैदराबादला रेसिडेंट झालेल्या हेन्री रसेल या इंग्रजाने लिहून ठेवले, की या बायका बाकीच्या फौजेपेक्षा काही कमी पडल्या नाहीत.

माझे शिक्षण सातवीपर्यंत. मजकूर इंग्रजी. भाचीने वाचला आणि मी दोनदा अर्थ विचारला. फुलाची फजिती आठवत होती ना! मग तिने विल्यम डॅलरिंपल यांच्या २००२ सालच्या 'व्हाइट मुघल्स' या पुस्तकातही हीच हकीकत दाखवली, तेव्हा माझी खात्री पटली.

त्या शत्रूकडच्या होत्या, हे खरे. आपला विजय झाला याचा मला अभिमानच आहे. पण घाबरलेल्या एका बेगमेची गोष्ट दोनशे वर्षे टिकली आणि लढणाऱ्या दोन हजार बायका आपल्या कानांवरही आल्या नाहीत, याची रुखरुख वाटते. ज्या माळावर आपण गुरे चारतो, त्याच मुलखात त्या उभ्या होत्या.

म्हणून माझी एक सूचना आहे. महिन्याच्या सभेला प्रत्येकीने एक नवल आणावे. पण निवडून, पाखडून आणावे. आणि किल्ला दाखवायला मुलांना न्याल, तेव्हा पेशव्यांबरोबर मामा चंपाचेही नाव सांगावे.