खुब्याचं हाड मोडल्यावर

उतारवयात खुब्याचं हाड मोडलं, की वर्षभरात पाचातला निदान एक रुग्ण दगावतो. हाड मोडून कुणी मरतं का, असं वाटेल. मरण येतं ते बहुधा न्यूमोनियाने किंवा हृदयविकाराने. मोडलेलं हाड त्याला वाट करून देतं. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी 2008 मध्ये मृत्यूचा धोका मोजायला गुणांक तयार केला. त्यात वाढतं वय, दहा किंवा त्याखालचं हिमोग्लोबिन, मंदावलेली स्मृती, कर्करोग, एकाहून अधिक जुने आजार आणि वृद्धाश्रमातलं वास्तव्य मोजतात. पुरुष असणंही! खुबा बायकांचा जास्त मोडतो, दगावण्याचं प्रमाण मात्र पुरुषांत जास्त.

यातलं बरंचसं बदलता येत नाही, म्हणून 'या वयात ऑपरेशन कशाला?' हा घरच्यांचा प्रश्न रास्त वाटतो. पण शस्त्रक्रियेविना अंथरुणाला खिळणं हाच बहुतेकांना मोठा धोका. 2020 च्या 'हिप अटॅक' चाचणीत साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया करूनही मृत्यू लक्षणीय घटले नाहीत, हे खरं. मात्र तिथे तुलना चोवीस तासांशी होती, आठवडाभराच्या विलंबाशी नव्हे. शिवाय लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांत भ्रम कमी दिसला, माणसं लवकर उभी राहिली. तेव्हा आजी-आजोबा पडले आणि पाय टेकवता येईना, तर मालिश करत बसू नका. त्याच दिवशी एक्स-रे काढा, आणि ऑपरेशन पुढे ढकललं तर कारण स्पष्ट विचारा.